तोंड धुवायचं पाणी
कालवलेल्या बेसनाचा वास आला की मला शिरूर अनंतपाळची आमची शाळा आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, विहिरी आटल्या होत्या आणि टँकर दोन दिवसांआड यायचा. अंघोळीला पाणी नसल्यानं वर्गातल्या निम्म्या मुलींच्या हातांना खरूज झाली होती. अशात कुण्या सरकारी साहेबांची बायको असलेल्या एक बाई जीपमधून आम्हाला नैसर्गिक सौंदर्य शिकवायला आल्या. त्यांनी मला पुढं बोलावलं, बेसन, हळद आणि घरून आणलेली साय माझ्या तोंडाला फासली आणि शाळेच्या रांजणातलं पाणी घेऊन माझं तोंड पाच वेळा धुतलं. सगळं पाणी मातीत जिरलं. तेवढ्यात माझी मैत्रीण हात खाजवताना दिसली, तर बाई तिला म्हणाल्या, “किती अस्वच्छ राहता गं तुम्ही.” तेव्हा शाळेतली शिपाईबाई दारातून म्हणाली, “बाईसाहेब, तिची माय रोज कडूलिंबाचा पाला वाटून लावायलीय. धुवायला पाणीच न्हाई, तर गुण कसा यील? अन् तुम्ही सांडलं ते पोरींचं प्यायचं पाणी हाय.” बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, माझी हनुवटी धरून चेहरा वर्गाला दाखवला आणि म्हणाल्या, “बघा, कशी उजळली.” मी हसलेसुद्धा. दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीनं रांजणात तांब्या घातला, तो तळाला खडखडला. तिनं रिकामा तांब्या परत रांजणावर ठेवला. त्या बाईंचा राग मला आजही येतो, पण त्याहून जास्त माझ्या त्या हसण्याचा येतो.