काकीनं सीडीची पूजा केली

नव्याण्णव सालची खंडेनवमी. विश्रामबागच्या खोलीवरचा गाशा गुंडाळून, इंजिनिअर होऊन मी नुकताच कराडजवळच्या मलकापूरला घरी आलो होतो... आणि घरात माझा भाव भलताच वधारला होता.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी गावातल्या दूध डेअरीच्या चेअरमनला परस्पर सांगून टाकलं, "आमचा पोरगा काम्पुटर बसवतोय. दसऱ्याला मशिनीतनं दुधाची पावती निघंल." मला विचारायचा प्रश्नच नव्हता. आबांनी शब्द दिला की तो अख्ख्या घराने दिलेला असायचा.

मी मोठ्या हौसेने डेअरीच्या कॉम्प्युटरवर तो चालवणारी लिनक्स नावाची सिस्टीम टाकली. फुकट, मोकळं, कुणीही वापरावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं... या कल्पनेच्या मी तेव्हा पार प्रेमात होतो. सगळं झकास चाललं, फक्त प्रिंटर बिथरला. पावतीची अर्धी ओळ छापायचा आणि पुढचा कागद कोराच बाहेर फेकायचा.

नव्या व्हर्जनमध्ये प्रिंटरचं दुखणं काढलंय असं कळलं. पण ते आणायचं कुठून? नेटवरून एवढं काही उतरवायला घेतलं की फोनची लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात... शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मित्राने, मंदारने, ऑफिसात सीडी बनवली आणि रीतीप्रमाणे एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. खंडेनवमीला सकाळी कराड स्टँडवर ती मला मिळाली. घरी आणून टीव्हीवर ठेवली आणि आंघोळीला गेलो.

बाहेर येऊन बघतो तर... पुढच्या सोप्यात पाट मांडलेला. त्यावर विळा, खुरपं, ट्रॅक्टरचा पाना, आबांचा फौजेतला पट्टा आणि मधोमध माझी सीडी! चकाकती बाजू हेच तिचं तोंड असं समजून काकीने ती बाजू वर केलेली आणि त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढलेली. वर हळद, अक्षता.

काकी म्हणजे आबांची बायको. मी किंचाळलोच. ती शांतपणे म्हणाली, "आरं, ज्येच्यावर पोट भरायचं त्येची आज पूजा करत्यात. तुझं खुरपं ह्येच न्हवं?"



सीडी धुतली, मऊ फडक्याने जपून पुसली. पण अक्षता घासून चरे पडले होते. ड्राइव्ह घरघरायचा, अर्ध्यावर जाऊन थांबायचा... पुन्हा लावली तरी तिथेच. बूथवरून मंदारला फोन केला, तर तो दसऱ्यासाठी गावी गेलेला. आणि जुनं व्हर्जन मी उत्साहाच्या भरात आधीच पुसून टाकलं होतं.

काकीचा चेहरा बघवेना. "आवं, माझ्यापायी तुमचा सबूद गेला," एवढंच ती आबांना म्हणाली. आबांनी टोपी घातली आणि चेअरमनच्या घराकडे निघाले. मी मागे.

साहेबापुढे उभं राहावं तसे आबा ताठ उभे राहिले. "चेअरमन, उद्या पावती निघायची न्हाई. आमच्यात त्येची पूजा झाली, त्यात बिघडलं." मला वाटलं, आता हसं होणार... पण चेअरमन गंभीरपणे म्हणाले, "पूजाच केली न्हवं? मग थांबू की. बसा, च्या घ्या." आबांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "पावती निघाल्यावर घेतो."

दसरा गेला. आबा मळ्याकडे जाताना डेअरीचा रस्ता टाळून लांबच्या पाणंदीने जायला लागले.

मंदार पुण्याला परतल्यावर त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, बरंच झालं की... त्या व्हर्जनमध्ये प्रिंटरचा भाग आणखीनच गंडला होता. जगभरातून ओरड झाली आणि बनवणाऱ्यांनी घाईने दुरुस्त करून पुढचं व्हर्जन काढलंय. तेच पाठवतो.

मी फोन ठेवला. ती सीडी चालली असती, तर दसऱ्याला चेअरमनसमोर, अर्ध्या गावासमोर तो प्रिंटर अजिबात हलला नसता. मग आबांचा शब्द माझ्या नावावर बुडाला असता, कुंकवाच्या नव्हे.

नवी सीडी आली. तिला मी क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. पावती निघाली... अख्खी! आबांनी ती स्वतः फाडून घेतली, चेअरमनच्या हातचा चहा घेतला आणि तडक घरी येऊन काकीच्या हातात दिली. "घे. निघाली." काकीने डोळ्याला पदर लावला.

पण तिला एक रुखरुख होतीच. म्हणाली, हे ज्याने केलं त्याला सांग, माझ्याकडनं चुकून झालं म्हणून. सीडीवरच्या माहितीत प्रिंटरचा भाग सांभाळणाऱ्याचा ईमेल होता. कराडच्या सायबर कॅफेत जाऊन मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सगळी हकीकत लिहिली.

त्याचं उत्तर आलं! कुठल्या तरी थंड देशातला माणूस. लिहिलं होतं, "आजवर माझ्या कामाला शिव्याच मिळाल्या. पूजा पहिल्यांदाच झाली. काकींना माझा नमस्कार."

मी ते काकीला मराठीत सांगितलं. वाटलं, खूश होईल. पण ती हसली नाही.

"फुकट देतोय न्हवं त्यो? मग शिव्या कशापायी देत्यात रं?"

इतकी वर्षं झाली. अजूनही एखाद्या अपडेटने चालतं काम बंद पडलं की शिवी अगदी जिभेवर येते... आणि काकीचा तो प्रश्न आडवा येतो. मग आधी दोन ओळी आभाराच्या लिहितो. तक्रार त्याच्या खाली.