लाडू सु.

आमच्या जीपमध्ये डिझेल कमी आणि किस्से जास्त असतात. चार रिकामटेकडी माणसं दर रविवारी एका डायरीमागे फिरायला लागली, की दुसरं काय होणार?

डायरी सुमनताईंच्या वडिलांची. गुरुजी बौद्धाचार्य होते. सायकलवरून गावोगाव जाऊन लग्नं लावायचे आणि घरी आल्यावर दोन ओळी लिहायचे. त्या ओळींतली ठिकाणं आम्ही शोधतो. सुमनताई रिटायर्ड नर्स, कांबळे सर मराठीचे मास्तर, जीप राठोडची, आणि मी आपला डबे उचलायला.

सुमनताईंची तक्रार एकच. "बापानं रस्त्यातली लिंबाची झाडं लिहिली, खड्डे लिहिले. माझं नाव कुठंच न्हाई."

त्यांच्या लग्नाच्या दिवशी डायरी म्हणते, 'घरचे लग्न लावले. जेवण बरे. आज लाडू मी खाल्ला.'

"पोरगी सासरी चालली, अन् ह्यांचं ध्यान लाडवात." हे त्या हसत सांगतात, पण दर रविवारी सांगतात.

*

'वसमतच्या अलीकडे लिंबाखाली बसलो. सावली चांगली.' लिंब सापडला. खाली पंक्चरचं दुकान. आम्ही चौघं वर बघत उभे राहिलो, तसा दुकानदार बाहेर आला.

"काय पाहून राहिले?"

"इथं गुरुजी बसले होते," सर गंभीरपणे म्हणाले.

"बसू द्या की. मी कुठं उठवलं?"

*

'तांड्यावर कुत्री फार. घाईने निघालो.' तांडा राठोडच्या मामाचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त उतरलो. तिसऱ्या मिनिटाला परत जीपमध्ये होतो, माझी एक चप्पल तांड्यावरच.

राठोड काच वर करत म्हणाला, "डायरी बराबर हाय."

*

गुरुजी जेवणाला शेरा द्यायचे. 'जेवण उत्तम', 'वरण पातळ'. आणि प्रत्येक लग्नात शेवटी 'लाडू सु.' सरांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, सु. म्हणजे सुमार. आपल्या वहीत तसं लिहूनही टाकलं.

हिंगोलीजवळच्या एका गावात सरांनी हे भर ओसरीवर वाचून दाखवलं. घरमालक उठून आत गेला. आम्हाला वाटलं, काठी आणतोय. त्यानं लाडवांचा डबा आणला.

"माझ्या बापाच्या लग्नातले लाडू सुमार? आता हे खाऊन सांगा."

प्रत्येकी तीन खावे लागले. सरांना शुगर आहे, पण त्या दिवशी कुणी ऐकून घेतलं नाही.

*

मागच्या रविवारी आखाडा बाळापूरच्या पुढे गेलो. तिथल्या आजीबाईंचं लग्न गुरुजींनीच लावलेलं. शहाणे होऊन सर गप्प बसले, पण राठोडनं डायरी उचलून वाचलं, "जेवण उत्तम. लाडू सुमार."

"काहून सुमार?" आजी म्हणाल्या. "तोंडाला तरी लावला का त्यायनं? ताटातला लाडू कागदात बांधून घेतला. मी नवी नवरी, तरी विचारलं, गोड खात न्हाई का? तर म्हणले, लई आवडतं. पण घरी सुमी वाट पाहून राहिली असंल."

सरांनी पेन काढून आपल्या वहीतलं काहीतरी खोडलं, मग मागचं पान उलटून तिथलंही खोडलं.

सुमनताई म्हणाल्या, "मला वाटायचं, लग्नघरची माणसंच लेकरांसाठी लाडू देऊन राहिली."

मग त्यांनी राठोडच्या हातातून डायरी घेतली, चष्मा पुसला आणि आपल्या लग्नाचं पान काढलं. ती ओळ आम्हा सगळ्यांना पाठ होती. तरी त्यांनी ती वाचली, आजींना ऐकू जाईल अशी.

"जेवण बरे. आज लाडू मी खाल्ला."