ऱ्होड आयलंडची सही

हो, तेच मी. ऱ्होड आयलंड. अन् नाई सुमन, सही करायले अकरा दिवस काऊन लावले, ते मी पहिल्याच ओळीत नाई सांगत. तुले संपादक केलं म्हणून काय माझ्या मानगुटीवर बसशीन?

वाचणाऱ्याईले आधी सांगते. आमचे भगत गुरुजी पंच्याहत्तर वर्षांचे होऊन राह्यले. त्याईच्या गौरव-अंकात माझ्यासारख्या आठवी शिकलेल्या बाईनं लिहावं, हा सुमनचा हट्ट. सुमन माझ्या वर्गातली, वर्ध्याले मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेली. तिचा फोन आला तेव्हापासून कागद घेऊन बसते, दोन ओळी लिहिते, उठते, अंगणात वाळत घातलेले पापड उगाच उलटे करते, परत येते. मन जाग्यावर नाई. काऊन ते कळन.

गुरुजी आमच्या शाळेत आले तेव्हा मी आठवीत. आमचं गाव आंजीच्या रस्त्यावरून आत. गुरुजी शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतले, सायकलीवर येत. पांढरा सदरा, पायजम्याले क्लिप. पहिल्याच दिवशी मी त्याईच्या सायकलीची हवा सोडली. कोणी सोडली, हे त्याईनं विचारलंच नाई. संध्याकाळी सायकल हाती धरून पायी घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्याच हाती पंप दिला अन् म्हणाले, हवेचं तुले चांगलं समजते, रोज पाहत जाजो. वर्षभर त्याईच्या चाकात हवा मीच भरली.

आम्ही पटावर तेराजण. अमेरिकेचा धडा आला तशी गुरुजींची कळी खुलली. तिथंही वसाहती तेराच. त्याईनं फरशीवर खडूच्या रेघा ओढल्या अन् जागा वाटल्या. सगळ्यात मोठी व्हर्जिनिया सुमनले. मी उशिरा आली, म्हणून दाराजवळचा वीतभर कोपरा मले. म्हणाले, हे ऱ्होड आयलंड, लहान आहे पण भलतं हट्टी आहे. पोट्टे मले पाहून हसले.

समुद्रापलीकडचा राजा म्हणजे गुरुजींची खुर्ची. खडू पाहिजे, कर म्हणून द्या चिंचोके. खिडकी उघडाची, द्या चिंचोके. राजा घ्यायचा सगळं, विचारायचा कोणालेच नाई. आठवडाभरात तेराहीजण एक झालो अन् खुर्ची उचलून ओसरीत नेऊन ठेवली. तेव्हापासून गुरुजी वर्गात खुर्चीवर बसले नाई. आजही कोणी खुर्ची पुढे केली तं ते सतरंजी शोधतात.

मंग खरी गंमत झाली. राजा गेला, अन् आम्हीच एकमेकाईचे राजे झालो. या रेघेतून त्या रेघेत जाचं तं चिंचोके. फळ्यापाशी जाचं तं चार जणाईची परवानगी. आम्ही एक करार केला, तो कोणी पाळला नाई. गुरुजी म्हणाले, त्याईचंही असंच झालतं, कागदावर एक अन् घरी तेरा. मंग तिकडचे पुढारी दारं-खिडक्या लावून ऐन उन्हाळ्यात एका दालनात बसले. मोठे म्हणे आमची माणसं जास्त, आमचं वजन जास्त. लहान म्हणे सगळे बरोबरीचे. शेवटी दोन सभागृहं केली, एकात माणसं मोजून जागा, एकात सगळ्याईले सारख्या. ऱ्होड आयलंड तं तिथं गेलंच नाई, अन् हो म्हणायलेही सगळ्याईच्या शेवटी आलं.

तेव्हा सुमननं विचारलं, तिथल्या गुलामाईले कोणी विचारलं काय?  गुरुजी म्हणाले, जागा वाढवायले त्याईले मोजलं, तेही पाचातले तीन. विचारलं नाई. बायकाईलेही नाई, अन् ज्याईची ती जमीन होती त्याईलेही नाई. जुळायची घाई होती. जे बाहेर ठेवले ते बाहेर राहत नाई, ते मंग दार वाजवत येतात.

तेव्हा शाळेत माठ दोन. एक वर्गातला, एक ओसरीवरचा. ओसरीवरचा सुमनचा अन् आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या आणखी दोघाईचा. गुरुजीही तिथंच पेत. दुसऱ्या दिवशी आमच्या देशाचा कागद लिहाले घेतला, अन् सुमननं पहिलं कलम सांगितलं, देशात माठ एक.  एकेक करून बाराजणाईनं सह्या केल्या. घरी सांगायचं नाई, असंही ठरलं.

तेरावी मी. मी नाई केली.

अकरा दिवस पोट्टे माझ्या मागं. कोणी बोरं दिली, कोणी बोलणं सोडलं. हेडमास्तराईनं गुरुजींले म्हटलं, दोन छड्या द्या, सही होते. गुरुजी म्हणाले, "तिनं सही केली नाई तं देश अपुरा राहीन. पण मारून घेतली तं देशच नाई राहणार." बाराव्या दिवशी मी अट घातली, देशात कोणी कोणाची वेणी ओढू नये. गुरुजींनी ते कलम सुमनकडून माझ्यासमोर लिहून घेतलं. म्हणाले, तिकडेही लोकाईनं असंच म्हटलं होतं, पहिले आमचे हक्क लिहा. मी सही केली. ओसरीवरचा माठ निघाला. वर्गातला माठ रोज सकाळी गुरुजी सोताच्या हातानं विहिरीवरून भरत.

गुरुजींनी पुढं कितीक पोट्टे घडवले, ते बाकीचे लिहितीन. मी पाह्यलेलं सांगते. गुरुजी रिटायर झाल्यावर आमच्या इथल्या दोन वस्त्या पांदण रस्त्यावरून भांडल्या, बैलबंडी कोणाच्या बांधावरून जाईन म्हणून. गुरुजींनी दोघाईले एका सतरंजीवर बसवलं अन् आमच्या तेरा वसाहती सांगितल्या. शेवटी माझ्याकडे बोट केलं, "हिनं शेवटी सही केली, पण विचार करून केली. म्हणून तीच सगळ्यात पक्की." लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी चहा पाहायले जाते म्हणून उठली. रस्ता झाला. लग्न असो, ग्रामसभा असो, गुरुजी हेच सांगतात, अन् मी दर वेळी चहा पाहायले उठते.

आमचे हे गेले, त्या दिवशी मी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. बाया थकल्या समजावून. गुरुजी सायकलीवर आले, आमच्याच माठातून गिलास भरला अन् माझ्यासमोर धरून उभे राह्यले.  हात दुखला असन, खाली नाई केला. मी प्यायली. मंग सातबाऱ्यावर माझं नाव चढेपर्यंत तलाठ्याकडचे खेटे त्याईनंच घातले. मी म्हटलं, गुरुजी, आता तुमच्या सायकलीत हवा भरायचं वय नाई माझं. तं म्हणाले, भरून ठेवलेली आहे, अजून पुरते.

गुरुजी, तुम्ही शंभरी पाहा. गुडघ्याले तेल लावत जा, सुनबाई देते त्या गोळ्या खिशात लपवत जाऊ नका, मले माहीत आहे. अजून लय लोक आपापल्या रेघा ओढून बसले आहेत, त्याईले सतरंजीवर बसवायले तुम्ही पाहिजे.

आता ते अकरा दिवसाईचं. सुमन, हे गाळजो नको.

माझी वेणी कोणी ओढतच नव्हतं. ओढणारी मीच होती. मले तो एक माठ नको होता. घरच्याईनं सांगितलं म्हणून नाई, घरी तं कोणाले माहीतच नव्हतं. मलेच किळस वाटली. सही केली ती सगळे अबोला धरून बसले म्हणून. अन् सही करूनही त्या माठातलं पाणी मी एक दिवस प्यायली नाई, सुटीत पळत घरी जाऊन पेत होती. गुरुजी, तुमच्या हातचं पाणी मी पहिल्यांदा प्यायली ते हे गेले त्या दिवशी.