पाव मिलिमीटर

त्या तीन महिन्यांत इसोगाई तोमिकोचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. भात लावायचा, मिसोचं सार करायचं, सासूचं ताट झाकून ठेवायचं आणि साडेपाचला सायकलवर बसायचं. शोनाई नदीचा पूल ओलांडून सहाच्या ठोक्याला ती कारखान्याच्या फाटकात असे. पाळी आठची होती. मधले दोन तास प्रशिक्षणाचे, बिनपगारी.

आमचा कारखाना पाचिंकोची, म्हणजे दुकानांत पैसे लावून खेळायच्या गोळ्यांच्या खेळाची, यंत्रं बनवायचा. उभी फळी, तिच्यावर पितळेचे दोनशे सत्तर खिळे. वर उडवलेली पोलादी गोळी खिळ्यांवर आपटत खाली येते. मधल्या भोकात पडली तर खेळणाऱ्याला मूठभर गोळ्या मिळतात, नाहीतर ती गेली. त्या भोकाच्या डोक्यावर दोन खिळे असतात. त्यांना आम्ही जीवाचे खिळे म्हणायचो. त्यांच्यातलं अंतर पाव मिलिमीटरने वाढलं तर दुकानदार बुडतो. तेवढंच घटलं तर गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जातं.

मी फळ्यांना भोकं पाडायचो, तोमिको खिळे ठोकायची. एकोणीस वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून काम केलं. एका खिळ्याला दोन ठोके. तिला तिसरा लागलेला मी पाहिला नाही.

१९७७ च्या शेवटी खिळे ठोकणारं यंत्र आलं. बावीस बायकांना सांगण्यात आलं की एप्रिलपासून बांधणी विभागात जायचं, तासावर. म्हणजे पगार निम्मा. दुसरी वाट एकच होती. ठोकलेले खिळे मापाला आणणाऱ्या कारागिरांच्या सहा जागा भरायच्या होत्या. तीन महिने शिकायचं, मग परीक्षा. चौदा जणांनी नावं दिली. त्यात बाई एक. तोमिको बेचाळीस वर्षांची होती, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात म्हातारी सासू. निम्म्या पगारात दोघींचं भागलं नसतं.

शिकवायला मिझोगुची होते. चाळीस वर्षं गावोगावच्या दुकानांतून खिळे जुळवत फिरलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तोमिकोची फळी बाजूला ठेवली.

"इसोगाई-सान, खिळा ठोकायचा नाहीये. त्याला समजवायचंय."

"ऐकत नाही तो."

"तुम्ही ओरडता म्हणून."

सगळे हसले. शेजारच्या बाकावरचा कासुया म्हणाला, "ताई, तुमची हातोडी उचलली की माझे खिळे आपोआप सरळ होतात. भीतीने."

"मग तुला फुकटच शिकवतेय म्हणायचं," ती म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा लागली.

अडचण तिच्या हातात होती. एकोणीस वर्षं जो हात जोरात मारायला शिकला, त्याला आता केसाएवढं हलवायला शिकायचं होतं. कोऱ्या हाताला हे लवकर जमतं. दोन महिने तिची प्रत्येक फळी नापास झाली. मी बाद फळ्या काढून द्यायचो, ती सायकलला बांधून घरी न्यायची. सासू म्हणायची, "शेजारीण विचारते, सुतारपक्षी पाळलाय का? मी म्हटलं, सून पाळलीय."

मिझोगुचींचा एक नियम कडक होता. एका दिशेला हलवलेला खिळा परत उलटा मारायचा नाही. पितळ थकतं. आज मापात दिसतं, चार दिवसांनी आपल्या जागी जातं. उलटा मारलेला खिळा सापडला की फळी बाद.

परीक्षा मार्चच्या शेवटच्या शनिवारी होती. फळ्या चौकटीत बसवायला मला बोलावलं होतं, म्हणून जे झालं ते मी पाहिलं. वेळ एक तास. शेवटी प्रत्येक फळीवर शंभर गोळ्या सोडायच्या. मधल्या भोकात सहा ते नऊ पडल्या तर पास, आणि पास झालेल्यांतून गुणांनुसार पहिले सहा घ्यायचे.

बारा मिनिटं ठीक गेली. तोमिकोने जीवाच्या खिळ्यांत मापाची काडी घातली. अंतर पाव मिलिमीटर कमी होतं. तिने हातोडी डाव्या खिळ्याला लावली. तेवढ्यात भिंतीपलीकडे नवं यंत्र सुरू झालं. ठक-ठक, ठक-ठक. एका खिळ्याला दोन ठोके, तिचाच ठेका. तिचा हात त्या ठेक्यात पडला.

एक हलका बसला. दुसरा पूर्ण बसला.

तिने काडी घातली. काडी सैल गेली. खिळा दुप्पट सरकला होता.

तिने हातोडी खाली ठेवली. कासुयाने तिरक्या नजरेने पाहिलं. मिझोगुची खिडकीशी पाठमोरे होते. एक हलका उलटा ठोका, आणि त्या दिवशी तरी कोणाला कळलं नसतं. मला ते सुचलं, म्हणजे तिलाही सुचलं असणार. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं गेली.

मग तिने डाव्या खिळ्याला हात न लावता उजवा आत घेतला. अंतर जुळलं. पण दोन्ही खिळे आता भोकाच्या डावीकडे कलले होते. म्हणजे गोळ्या येण्याची वाटही डावीकडे न्यायला हवी होती. वरच्या रांगेतला एकेक खिळा, केसभर. तिने सतरा खिळे हलवले. यंत्र पलीकडे ठोकतच होतं. प्रत्येक ठोक्याआधी ती थांबायची, यंत्राचा ठोका जाऊ द्यायची आणि मधल्या शांततेत मारायची. कपाळावरचा घाम तिने एकदाही पुसला नाही. तास संपला तेव्हा तिचं बोट शेवटच्या खिळ्यावर होतं.

मिझोगुचींनी स्वतः दांडी दाबली. गोळ्या एकेक. पहिल्या चाळिसांत तीन पडल्या. सत्तरपर्यंत सात. ब्याऐंशीला आठवी. एक्क्याण्णवला नववी.

आता उरलेल्या नऊंतली एकही पडायला नको होती.

"श्वास घ्या, ताई," कासुया पुटपुटला.

"गप रे."

सत्त्याण्णवावी गोळी दोन्ही जीवाच्या खिळ्यांवर नाचली. डावा, उजवा, डावा. आणि बाहेर उडाली. उरलेल्या तीन जवळही आल्या नाहीत.

मिझोगुचींनी चष्मा लावून फळी पाहिली. डाव्या खिळ्यावर बोट ठेवलं. "हा जास्त बसला."

"हो."

"परत का नाही आणला?"

"तुम्हीच म्हणालात, पितळ थकतं."

"पाच गुण कापतो."

"कापा."

सहा जागांत ती सहावी आली. कासुया दुसरा.

एप्रिलपासून ती हातोडीची पेटी घेऊन गिफू, तोयोहाशी, हामामात्सु अशी फिरू लागली. दुकानदार दारातच विचारायचे, "कारागीर कुठेय?" ती बूट काढून आत जायची आणि कामाला लागायची. दोन वर्षांत तेच दुकानदार फोनवर तिचं नाव घेऊन मागणी करू लागले. पाचव्या वर्षी मिझोगुची निवृत्त झाले आणि पहाटेचा वर्ग तिच्याकडे आला. पहिलं काम तिने हे केलं की त्या दोन तासांचा पगार शिकणाऱ्यांना मिळवून दिला. त्यासाठी तिला वरच्या मजल्यावर साहेबांकडे अकरा वेळा जावं लागलं.

त्या वर्षीचा बोनस आणि साठवलेले पैसे घालून तिने घराच्या मागच्या बाजूला न्हाणीघर बांधलं. तोवर दोघी गल्लीच्या चढावरच्या सार्वजनिक स्नानगृहात जायच्या, आणि सासूला ती चढण आता चढवत नव्हती. पहिल्या संध्याकाळी बसायची टाकी भरली, पाणी तापलं. त्याच पाण्यात सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं, आणि पहिलं पाणी घरातल्या वडीलधाऱ्याचं, म्हणून तोमिकोने टॉवेल सासूपुढे धरला.

"मी काय खिळे ठोकले?" म्हातारी म्हणाली. "जा तू आधी. पाणी निवेल."