सुक्या पानातलं वटवाघूळ

राहनाळला आमच्या घरामागे, गोदामाच्या पत्र्याला लागून केळीचं बेट आहे. न्हाणीचं पाणी तिकडे जातं, त्यावर ते वाढतं. एका सकाळी केळफूल काढायला गेले, तर लोंबत्या सुक्या पानाच्या गुंडाळीत काहीतरी नारिंगी दिसलं. वाटलं, पानच कुजलंय. मग ते हललं. अंगठ्याएवढं वटवाघूळ! अंगावर नारिंगी लव, काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे. मी मोबाइलवर फोटो काढला, तो नेमका हलला.

"फुलपाखरू आहे," नवरा म्हणाला आणि गोदामात ड्युटीला गेला.

"वाघूल? घराजवल बरा न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणीने तो फोटो तिच्या कॉलेजातल्या एका मॅडमना पाठवला. त्या वटवाघळांचा अभ्यास करतात. त्यांचा लगेच फोन आला. "हे रंगीत वटवाघूळ असावं. फार कमी दिसतं. सुकं पान हेच त्याचं घर, तिथे काही हलवू नका. रविवारी येते."

मी घरात सगळ्यांना बजावलं. सासूबाईंना तर दोनदा.

रविवारी मॅडमना आणायला नाक्यावर गेले. एक ट्रेलर आडवा अडकला होता. उन्हात ताटकळलो दोघी. घरी पोचलो तर मागून धूर येत होता. मी चप्पल न काढता तशीच मागे धावले. केळी अशा स्वच्छ उभ्या होत्या जणू नुकत्या आंघोळ करून आल्यात. एकही सुकं पान नाही. सगळी पानं कोपऱ्यात जळत होती आणि सासूबाई खराटा घेऊन अंगण झाडत होत्या.

"आई! सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून?"

"वाघलाला लावू नको म्हनालीस. न्हाय लावला. उडून गेला तो पत्र्याकडं." मॅडमकडे पाहून त्यांनी पदर सारखा केला. "पावनी येनार, आनि मागं एवढा कचरा? लोक काय म्हनतील?"

मला ओरडावंसं वाटत होतं. पण त्या घामाने भिजल्या होत्या, कंबर धरून उभ्या होत्या. राग गिळावा लागला, तो आजही पुरता उतरलेला नाही.

मॅडम पत्र्यापर्यंत जाऊन आल्या. माझा फोटो पुन्हा पाहून म्हणाल्या, "एवढ्यावरून नोंद नाही करता येणार हो." आग्रहाने दिलेली घावनं त्यांनी खाल्ली, सासूबाईंना नमस्कार केला आणि गेल्या.

सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आता त्या मागच्या बाजूला फिरकतच नाहीत. नारळाची झावळी पडली तरी उचलत नाहीत. शेजारणीने विचारलं तर मला ऐकू जाईल असं सांगतात, "आमच्या सुनंला कचरा आवडतं."

पानं पुन्हा सुकलीत, लोंबतायत. मी रोज सकाळी लांबूनच बघते. अजून तरी रिकामीच आहेत.