खिडकीजवळचं मशीन आणि मावशीची हरकत

माझ्या मावशीला आमच्या शिवणखोलीत 'हरकतबाई' म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही.

आमचं शिवणकाम करणाऱ्यांचं नेटवर्क आहे. मालक कुणी नाही, सगळे सभासद. निर्णय हात वर करून होत नाहीत. ठराव मांडायचा आणि गोल बसलेल्या एकेकाला विचारायचं, "हरकत?" ठराव आवडायलाच हवा असं नाही, चालवून घेता आला की पुरे. हरकत घेतली तर मात्र सगळ्यांच्या कामाचं काय बिघडेल ते सांगावं लागतं, मग ठराव दुरुस्त होतो. नुसतं "मला पटत नाही" चालत नाही, हा नियम मावशीनंच आणलेला. तिनं आजवर पंख्याच्या जागेवर, इस्त्रीच्या वायरीवर, चहाच्या वेळेवर हरकती घेतल्या. बऱ्याचशा बरोबर निघाल्या, म्हणून तर लोक जास्त चिडायचे.

परवाच्या सभेत एका नव्या सभासद बाईनं ठराव मांडला: खिडकीजवळचं मशीन सगळ्यांनी आळीपाळीनं वापरावं. ते वर्षानुवर्षं मावशीचं. तिला अलीकडे नीट दिसत नाही, हे फक्त मला माहीत, कारण सुईत दोरा मी ओवून देते. खिडकी गेली तर तिचं काम गेलं. आणि कारण सांगावं, तर नजर अधू झालेल्या बाईकडे कपडा कोण देणार? इकडे आड, तिकडे विहीर.

सभा चालवायची पाळी कटिंग मास्तरांची होती. प्रश्न मावशीपर्यंत आला तसे सगळे सरसावून बसले.

"हरकत नाही," मावशी म्हणाली.

"बरं वाटत नाहीये का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही म्हटलं ना. पुढे चला."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून नवी बाई खूश. मला रडू येत होतं. माझी पाळी आली तेव्हा मावशीनं असा चिमटा काढला की मीही मुकाट्यानं "नाही" म्हणाले. बाकीच्यांनीही "नाही"च म्हटलं. शेवटी उरले काजकाका. हे काज-बटणं करतात आणि सभेत हमखास डुलक्या काढतात.

"माझी आहे," ते म्हणाले. "ताईंना खिडकीजवळून उठवलंत तर माल बिघडेल. गिऱ्हाईक आपल्या सगळ्यांचं जाईल."

मावशी ताडकन उठली. "माझा माल बिघडतो, असं कोण म्हणतं?"

"म्हणत कुणी नाही. तुम्ही घरी गेलात की तुमच्या वाकड्या टिपा उसवून परत घालतो आम्ही. वर्ष झालं."

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पंखा बघू लागले. आम्ही मावशी-भाची ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, आणि इथे तेच भांडं सगळे मिळून घासून ठेवत होते. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं की काय सांगू.

ठराव दुरुस्त झाला: खिडकी ताईंकडे, बाकीच्या जागा आळीपाळीनं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. परत एकेकाला विचारणं आलं. नव्या बाईनंही "हरकत नाही" म्हटलं.

"माझी आहे," मावशी म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "कारण?"

"माझ्या पाठीमागे उसवता, म्हणून मी उद्या तीच चूक पुन्हा करते. सगळ्यांची मेहनत वाया जाते." ती काजकाकांकडे वळली. "यापुढे माझं काम माझ्यासमोर उसवायचं. मला दाखवून."

हरकत मान्य झाली. मावशीनं लगेच आज शिवलेला सदरा मशीनवरून उचलून काजकाकांपुढे टाकला, आणि त्यांना बसायला स्वतःची खुर्ची ओढून दिली.