हलक्या छपराचं विमान

भूकंपानंतर आमच्या भागात सोयरीक जुळवताना एक नवा प्रश्न आला. मुलगा काय करतो, जमीन किती, हे विचारून झालं की मुलीकडचा कुणी वडीलधारा मान वर करून छताकडे बघायचा आणि विचारायचा, घर कशाचं आहे? दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद असलं, तर मंडळी चहा पिऊन उठायची. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हा प्रश्न सोयरिकीपुरता ठेवला नाही. बँकेत, देवळात, डॉक्टरांच्या खोलीत, कुठंही शिरताना ते आधी वर बघायचे.

त्यामुळे एका सकाळी त्यांनी लातूरहून मला नांदेडला फोन केला आणि विचारलं, "विमानाचं छप्पर कशाचं असतंय गं?" तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पेपरात बातमी होती. आतापर्यंत देशातल्या देशात उडणारी एक स्वस्तातली विमान कंपनी आता लांब पल्ल्याची मोठी विमानं आणत होती. मुंबईत बसायचं ते थेट इंग्लंडात उतरायचं.

इंग्लंडात माझी धाकटी बहीण असते. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली होती आणि आई तर भूकंपाच्याही आधी गेलेली. तिनं आप्पांना सांगितलं, मी येऊ शकत नाही, तर माहेरानं इकडं यावं. आप्पा पुढचं पुढं बघू म्हणाले. तोवर परवडणाऱ्या तिकिटात तिकडं जाताना मध्ये आखातात एक मुक्काम पडायचा, तोही हॉटेलात, सोळाव्या मजल्यावर. आणि आप्पा तीस वर्षांत स्लॅबखाली झोपले नव्हते.

निलंग्याकडच्या आमच्या गावात घर पडलं तेव्हा त्यांनी मला आणि बहिणीला हातानं माती उकरून बाहेर काढलं. धाकट्या काकांना काढता आलं नाही. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथं आम्ही दोघी झोपायला घाबरायचो, तर आप्पा म्हणायचे, "झोपा. मी जागा हाय." माणूस किती रात्री जागणार? शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. उशाशी फुलपात्र पालथं घालायचं, त्यावर वाटी, वाटीत चमचा. जमीन हलली की खणकन पडणार. नंतर लातुरात पक्कं घर बांधलं, पण ते आमच्यासाठी. आप्पांची खाट अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत, उशाशी फुलपात्र.

त्याच खोलीत त्यांनी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. लातूरच्या क्लासेसचे मजल्यावर मजले चढत गेले, आप्पा मात्र तळमजल्याच्या वर गेले नाहीत आणि त्यांची शिकवणीही. मी नांदेडला तिसऱ्या मजल्यावर फिजिक्स शिकवते. किनवट, इस्लापूरकडून आलेली पोरं माझ्या वर्गात बसतात, पण माझा वर्ग माझ्या बापानं कधी बघितला नाही. मी त्यांना चिडवायचे, दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक किती वर्षं फुंकायचं? ते हसायचे आणि रात्री वाटी ठेवायचे.

तर आता त्यांना विमानाचा नाद लागला. बातम्यांची कात्रणं झाली. फळ्यावर विमान निघालं, आणि शिकवणीची पोरं वर्तुळ सोडून पंखाचं क्षेत्रफळ काढू लागली. रोज संध्याकाळी मला फोन. इंजिनं दोनच कशी? एक बंद पडलं तर? एवढ्या वर पत्रा गारठून तडकत नाही का? मला निम्म्याची उत्तरं येत नव्हती. मी शोधून वाचायला लागले आणि खरं सांगायचं तर मलाही गोडी लागली. मी त्यांना सांगितलं की हे नवं विमान बरंचसं पत्र्याचं नाहीच. कार्बनच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून भट्टीत भाजतात, त्याचं अंग आणि पंख करतात.

आप्पांनी ते पुन्हा एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग ते म्हणाले, "म्हंजे कापड आन् डिंक?"

मला वाटलं, संपलं. आता काही हे येत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. रात्रभर विचार केला होता म्हणे. आपल्याला मारलं ते वजनानं, जमिनीनं नाही. हलकं छप्पर माणसाला मारत नसतं. तिकीट काढ.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं पिशवीतून फुलपात्र, वाटी, चमचा काढून उलटसुलट बघितलं आणि परत दिलं. विमानात शिरताना आप्पांनी वर बघितलं, छतावर बोटानं टकटक केलं आणि खिडकीशी बसले. सकाळचं उड्डाण होतं. पंख वर उचलला गेला तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. जमिनीवर आडवा दिसणारा पंख आता टोकाला चांगला पुरुषभर वर लवला होता. किती लवेल, का लवतो, मोडत का नाही, हे त्यांनी मला विचारलं, आणि वर्षानुवर्षं पोरांना जे फळ्यावर शिकवत आले ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत त्यांना सांगितलं.

दुपारी त्यांनी समोरच्या फळीवर फुलपात्र पालथं घातलं, वर वाटी, वाटीत चमचा. विमानातल्या मुलीला वाटलं म्हाताऱ्याला तहान लागलीय. पाणी विकत मिळेल असं सांगून ती पुढं गेली. आप्पांना झोप लागली. मलाही डुलकी आली.

मग विमान हादरलं आणि वाटी खणकन पडली.

पुढचं मी कसं केलं मला माहीत नाही. माझा पट्टा सुटलेला होता, मी उभी होते आणि आप्पांचा दंड धरून ओढत होते. "आप्पा, उठा, बाहेर चला." आसपासची माणसं बघत होती. मी फिजिक्सची मास्तरीण, जमिनीपासून तीन-साडेतीन कोस वर, बापाला बाहेर काढत होते.

आप्पांनी डोळे उघडले. "खाली बस," ते म्हणाले. "पंख बघ. लवून राहिलाय नुसता." त्यांनी वाकून सीटखालची वाटी शोधली, सदऱ्याला पुसली आणि तिन्ही भांडी पिशवीत टाकली. "झोप तू. मी जागा हाय."

मला रडू आलं. इतकी वर्षं ज्या फुलपात्राची मी थट्टा केली, त्याच्याच भरवशावर मी पक्क्या घरात निर्धास्त झोपत आले होते. मी पट्टा लावला आणि खरंच झोपले.

संध्याकाळी बहिणीनं दार उघडलं. दिवस भरत आलेले, चेहरा सुजलेला, हातात आमच्यासाठी पाण्याचा तांब्या. आप्पा उंबऱ्यात उभे राहून तिच्याकडेच बघत राहिले. वर बघायचं त्यांच्याकडून राहून गेलं. छत मीच बघून घेतलं.